सुनेचं माहेर वेल्समधलं, आडनाव जोन्स. मागच्या पिढ्या कशा शोधायच्या?

अंबाजोगाईची_काकू

नमस्कार मंडळी. मुलगा कार्डिफला असतो, सून तिकडचीच, वेल्श. दिवाळीला दोघं आली होती तेव्हा त्र्यंबकेश्वरला नेलं. आमच्या उपाध्यायांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, आणि कापडात बांधलेली वही सोडून माझ्या सासऱ्यांच्या आजोबांची मोडीतली सही काढून दाखवली. सुनेचे डोळे तिथंच अडकले. तेव्हापासून ती मागं लागलीय की आमच्याकडे असं काही असेल का, कुठं बघायचं. पुढच्या वर्षी तिच्या आजीला नव्वद पूर्ण होतात, तोवर निदान चार पिढ्या तरी कागदावर मांडून द्याव्यात असं माझ्या मनात आहे. मुलाला वेळ नाही, सुनेची नोकरी पाळ्यांची. मी रिकामी, इंग्रजीची शिक्षिका होते, वाचता सगळं येतं.

हाताशी आहे ते असं: आजीकडे एक जुनं वेल्श बायबल आहे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर शाईनं लिहिलंय, डेव्हिड जोन्स, जन्म १८६८, वडील विल्यम, आई एलिन, घराचं नाव 'टी नेविद'. हा डेव्हिड बेथेस्डा गावाजवळच्या पेन्‌रिनच्या पाटीच्या खाणीत होता. पाटी म्हणजे आपण शाळेत लिहायचो ती, तिकडे तिचीच छपरं करतात. विल्यम मूळचा अँगलसी बेटावरून कामासाठी आला असं आजी सांगते. आणि हे सगळे चॅपलला जाणारे, चर्चला नव्हे. (चर्च म्हणजे तेव्हाचं सरकारमान्य चर्च, चॅपल म्हणजे त्याहून वेगळ्या पंथांची प्रार्थनेची जागा, असं सुनेनं सांगितलं.)

मी नेटवर 'डेव्हिड जोन्स, १८६८, वेल्स' टाकलं. जी यादी आली ती बघून फोन खाली ठेवला. सुरुवात कुठून करू? आणि चॅपलवाल्यांची नावं चर्चच्या वह्यांत सापडतात का?

लातूर_एक्सप्रेस

काकू, थुंकीची डीएनए तपासणी करा की. किट घरी येतं, महिन्या-दीड महिन्यात सगळे नातेवाईक समोर.

निवृत्त_तलाठी_परभणी

ताई, राम राम. डीएनएनं आज जिवंत असलेले चुलत-मावस सापडतात, १८६८ च्या विल्यमचा बाप कोण ते त्यातून थेट निघत नाही. ते राहू द्या नंतरसाठी.

माझी नोकरी सेलू-जिंतूरकडे तलाठ्याची गेली. निजामाच्या वेळचे उर्दू कागद वाचता येतात, मोडी बऱ्यापैकी. मुलगी दिलीय ती कार्मार्थनशायरच्या घरात, म्हणून निवृत्तीनंतर जावयाच्या घराण्याचे कागद लावायचा नाद लागला. तुमच्या उपाध्यायांनी आधी गाव विचारलं म्हणता, तेच इथं करा. आडनाव सोडा, गाव धरा. जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स, थॉमस, एवढ्याच पाच-सात नावांत त्यांचा अर्धा मुलूख बसलेला. एका परगण्यात एकाच वयाचे वीस-पंचवीस डेव्हिड जोन्स सहज निघतील. पण अमुक गावातला, टी नेविद घरचा, खाणीत काम करणाऱ्या विल्यम आणि एलिनचा डेव्हिड, असा एकच निघायचा.

आता गावाचं. बेथेस्डा हे नाव चॅपलवरून पडलेलं, खाणीबरोबर वाढलेलं. सरकारी आणि चर्चच्या कागदांत गाव म्हणजे पॅरिश. तो भाग ल्हानल्हेखिद पॅरिशमध्ये येतो, खाणीकडची बाजू ल्हानदेगाईमध्ये. जनगणनेत 'बेथेस्डा' टाकून काही मिळालं नाही तर ही दोन नावं टाका. स्पेलिंग मुलाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून तसंच चिकटवा, आपण टाइप करायला गेलो की एखादा 'एल' राहतोच. जन्माची सरकारी नोंद मात्र बँगर जिल्ह्याखाली सापडेल.

मग वह्या. लोक एकदम चर्चच्या वहीवर उडी मारतात, तसं करू नका. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तुमचा डेव्हिड १८६८ चा, म्हणजे त्याच्यासाठी चर्चचं दार ठोठावायची गरजच नाही. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर जन्माची सूची फुकट बघता येते, फक्त खातं उघडावं लागतं. त्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलंय. तुम्हाला एलिनचं माहेर ठाऊक नाही ना? मग बँगर जिल्ह्यातले १८६७ ते १८६९ चे सगळे डेव्हिड जोन्स आणि त्यांच्या आयांची माहेरं लिहून काढा. चार-सहा, फार तर आठ-दहा निघतील.

त्यातला आपला कोणता हे जनगणना सांगेल. दर दहा वर्षांनी झालेली आहे. १८५१ पासूनच्या कागदात घरप्रमुखाशी नातं, वय, धंदा आणि जन्माची पॅरिश एवढं सगळं असतं. १८७१ मध्ये तीन वर्षांचा डेव्हिड, बाप विल्यम खाणकामगार, आई एलिन असं घर शोधा. घर सापडलं की नुसता डेव्हिड उतरवू नका, सगळी भावंडं वयांसकट उतरवा. भावंडांपैकी एखाद्याचं नाव जरा वेगळं असतं, पुढच्या कागदात तेच घर ओळखायला ते कामी येतं. १८९१ मध्ये वेल्समधल्या लोकांना भाषा कोणती बोलता हेही विचारलंय, वेल्श, इंग्रजी की दोन्ही. तुमच्या सुनेला तो रकाना बघायला आवडेल.

आणि दुसऱ्यांनी ऑनलाइन टाकलेली तयार घराणी उतरवून घेऊ नका. कुणीतरी अंदाजानं एक जोन्स चिकटवतो, बाकी शंभरजण तोच उचलतात. फेरफार बघितल्याशिवाय मी कधी नोंद घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका.

विल्यम-एलिनचं लग्नही १८३७ नंतरचंच, म्हणजे दाखला आहेच. त्यात नवरा-नवरी दोघांच्या बापांची नावं आणि धंदे लिहिलेले असतात. तो आधी मागवा. विल्यमचा जन्म मात्र कदाचित १८३७ च्या अलीकडे-पलीकडे असेल. तिथं पोचलात की सांगा, चर्चच्या वहीचं तेव्हा बोलू.

नांदेडची_स्वाती_वेल्समध्ये

काका म्हणतात ते अगदी बरोबर. मी इथे उत्तर वेल्समध्ये नर्स आहे, आमच्या वॉर्डातल्या आज्यांकडून अर्धं आणि इथल्या स्थानिक इतिहास मंडळात अर्धं शिकले.

काकू, चॅपलचं सांगते. चॅपलवाल्यांचीही नावं चर्चच्या वहीत सापडतात, आणि जितकं मागे जाल तितकी जास्त. ज्याला इथे कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट म्हणतात तो पंथ १८११ मध्ये चर्चपासून सुटला. तोवर ते लोक सभा आपल्या आपल्या घ्यायचे, पण लेकराचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्येच करायचे. लग्नाचं तर त्याहून सक्त. १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर (एक छोटा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायद्यानं चर्चमध्येच लग्न लावावं लागे. पुरायलाही पुष्कळदा चर्चचीच जागा, कारण छोट्या चॅपलला स्मशानभूमी कुठली. म्हणजे माणूस कितीही चॅपलचा असो, आयुष्यात एकदा तरी पाद्रीच्या वहीत सही करून गेलेला असतो. किंवा फुली मारून.

१८११ नंतरच्या बाप्तिस्म्यांसाठी चॅपलच्या वह्या बघा. १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा चॅपलांकडच्या बऱ्याच वह्या लंडनला जमा केल्या. आता त्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, आरजी ४ नावाच्या गठ्ठ्यात, आणि ऑनलाइनही आहेत. पण सगळ्यांनी दिल्या नाहीत. कुटुंब बॅप्टिस्ट, म्हणजे चॅपलवाल्यांतल्याच दुसऱ्या एका पंथाचं, असेल तर तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा शोधूच नका, ते मोठेपणी पाण्यात बुडवून करतात.

थडगी विसरू नका. चॅपलचं थडगं बहुतेक वेल्शमध्ये असतं. वर 'एर कोव आम' म्हणजे 'च्या स्मरणार्थ', मग नाव, आणि नावाखाली घर. 'ग्वराइग' म्हणजे बायको, 'मेर्ख' म्हणजे मुलगी, 'मॅब' म्हणजे मुलगा, 'ग्वेदू' म्हणजे विधवा. नवऱ्याशेजारी पुरलेल्या बाईचं नाव माहेरच्या आडनावानं असलं तर गोंधळू नका, इकडे जुन्या पिढ्यांत बायका माहेरचं नाव ठेवायच्या. त्यामुळे आपलं काम सोपंच होतं. एक इशारा: 'टी नेविद' म्हणजे नवं घर, आणि नवं घर प्रत्येक पॅरिशमध्ये एखादं तरी असतंच. नुसत्या घराच्या नावावर भरवसा ठेवू नका, पॅरिश आणि घर अशी जोडी धरा.

लातूर_एक्सप्रेस

मी गप बसतो आणि वाचतो. 🙂

अंबाजोगाईची_काकू

मंडळी, उशिरा लिहायले, मधे घरात लग्न होतं.

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. १८७१ मध्ये ल्हानल्हेखिदला घर सापडलं. विल्यम जोन्स, वय ३६, पाटीच्या खाणीत कामाला, बायको एलिन, चार लेकरं, त्यात तीन वर्षांचा डेव्हिड. विल्यमचं जन्मठिकाण लिहिलंय अम्लुख, अँगलसी. आजीची ऐकीव गोष्ट खरी निघाली! एका भावाचं नाव ग्रिफिथ, त्यावरून १८८१ चं घरही लगेच ओळखता आलं, काकांची युक्ती.

मुलानं लग्नाचा दाखला मागवला. आणि तिथं मी अडकले. नवऱ्या मुलाचं नाव विल्यम जोन्स, आणि त्याच्या बापाच्या रकान्यात लिहिलंय 'जॉन ओवेन, खाण कामगार'. जोन्स नाहीच! सून म्हणते लिहिणाऱ्याची चूक असेल. मला वाटायलंय आपण भलत्याच विल्यमचा दाखला उचलला. बायको एलिन, तिचं माहेरचं आडनाव डेव्हिडच्या जन्माच्या सूचीतल्या आडनावाशी जुळतं. मग बाप ओवेन कसा? सावत्र का दत्तक?

निवृत्त_तलाठी_परभणी

ताई, सावत्रही नाही, दत्तकही नाही, आणि लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलंय. तुम्हाला नेमकं हवं तेच मिळालंय.

वेल्समध्ये आडनाव पुरतं ठरायला फार वेळ लागला. सोळाव्या शतकात इंग्रजांचा कायदा तिकडे लागला तेव्हा बड्या घरांनी आडनावं घेतली, पण खेड्यापाड्यांत, त्यातही अँगलसीसारख्या कोपऱ्यात, बापाचं नाव तेच लेकराचं दुसरं नाव हा प्रकार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता. जॉन ओवेनचा मुलगा विल्यम, म्हणून विल्यम जोन्स. जोन्स म्हणजे जॉनचा. त्याच्या पुढच्या पिढीत मात्र जोन्स गोठलं आणि आडनाव झालं, म्हणून डेव्हिड हा डेव्हिड विल्यम्स न होता जोन्सच राहिला. तुमच्या सुनेचं जोन्सपण एका जॉन नावाच्या खाण कामगारापासून सुरू होतं आणि त्याच्या वर जोन्स सापडणारच नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फारसं नवल वाटलं नव्हतं. आमच्या दप्तरातले निजामाच्या वेळचे कागद उघडा, 'सखाराम वलद गणोजी', म्हणजे गणोजीचा मुलगा सखाराम, एवढंच असतं, आडनाव शोधून डोळे जातात. २०२३ मध्ये जुन्या नोंदी काढायला मराठवाड्यातली तहसील कार्यालयं पालथी घातली तेव्हा मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना जी डोकेदुखी झाली तीच ही. आडनावावर गेलात की वाट बंद होते, बाप आणि गाव यांची जोडी धरली की उघडते.

म्हणजे जॉन ओवेनचा बाप बहुतेक ओवेन काहीतरी. ओवेन विल्यम असेल, ओवेन ह्यू असेल. सख्ख्या भावाभावांचीही दुसरी नावं वेगळी दिसू शकतात, एकानं बापाचं नाव लावलं, दुसऱ्यानं आजोबाचं गोठवलेलं. म्हणून इथून पुढे शोधताना आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. 'विल्यम, बाप जॉन, अम्लुख, १८३३ ते १८३७' असं टाका.

आता चर्चच्या वहीचं बोलू, कारण विल्यमचा जन्म १८३५ च्या सुमाराचा, सरकारी नोंदीच्या दोन वर्षं आधीचा.

चर्चनं वह्या ठेवाव्यात हा हुकूम १५३८ चा आहे, पण वेल्समध्ये इतक्या जुन्या फारशा उरल्या नाहीत. ओल, उंदीर, आग, पाद्रीचा आळस. आपल्या पॅरिशची वही कधीपासून शिल्लक आहे हे आधी बघून घ्यावं म्हणजे उगं कष्ट होत नाहीत. १८१३ पासून छापील फॉर्म आले. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक ओळीत आई-बापाची नावं, राहण्याची जागा आणि बापाचा धंदा. राहण्याच्या जागेत बहुतेक घराचं नाव असतं. पुरण्याच्या वहीत १८१३ पासून वय लिहितात, त्यावरून जन्माचं साल उलटं काढता येतं. १८१३ च्या आधी मात्र पाद्रीच्या मर्जीवर. कुणी 'ओवेन, जॉन आणि मार्गरेटचा मुलगा' एवढंच लिहून पान उलटतो, कुणी घरही लिहितो. लग्नाच्या वहीत १७५४ पासून दोघांच्या सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार. साक्षीदार पुष्कळदा सख्खे असतात, नावं उतरवून ठेवा.

भाषा लोक वेल्श बोलत असले तरी वह्यांत बहुतेक इंग्रजीच. १७३३ च्या आधी लॅटिनही भेटेल, पण तेवढं मागे जाल तेव्हा बघू. तिथं एक सालाची गोम आहे. १७५२ पर्यंत त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. फेब्रुवारी १७४० लिहिलं असेल तर ते आपल्या हिशेबानं १७४१. मला याचा त्रास झाला नाही, निजामाच्या कागदांतल्या फसली सालात ५९० मिळवून इसवी सन काढण्यात नोकरी गेली. पण ज्याला माहीत नाही तो पोराला आईबापाच्या लग्नाआधी जन्माला घालतो.

मूळ वही फाटलेली, गहाळ असेल तरी धीर सोडू नका. पाद्री दरवर्षी वहीची एक नक्कल बिशपकडे पाठवायचा. वेल्समध्ये या नकला साधारण १६६० च्या पुढच्या उरल्यात आणि अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत. दोन्ही मिळाल्या तर दोन्ही बघा, नक्कल करताना नाव सुटतं किंवा एखादा शब्द जास्त पडतो. फॅमिलीसर्च नावाच्या साइटवर बरंचसं फुकट बघायला मिळेल, बाकी वर्गणीच्या साइटवर. त्याच लायब्ररीच्या साइटवर १८५८ पूर्वीची वेल्श मृत्युपत्रं फुकट आहेत. खाण कामगाराचं मृत्युपत्र असेलच असं नाही, पण त्याच्या बायकोच्या माहेरी चार गाई असतील तर असेल, आणि मृत्युपत्रात जावयाचं नाव येतं. लायब्ररीची १९१९ पर्यंतची जुनी वर्तमानपत्रंही फुकट आहेत. पेन्‌रिनचा १९०० ते १९०३ चा मोठा संप झाला तेव्हा डेव्हिड तिशीतला असणार. त्यात नाव मिळेलच असं नाही, पण घराच्या चुलीवर काय वेळ आली होती ते कळेल.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट शेवटी ठेवली. टाइद नकाशे. १८३६ चा कायदा झाला, त्यानुसार चर्चला धान्यात द्यायचा दहावा हिस्सा पैशात ठरवायचा होता, म्हणून पॅरिशचे मोजणी नकाशे झाले, साधारण १८४० च्या आसपासचे. सोबत तक्ता: मालक कोण, कसतो कोण, शेताचा नंबर, शेताचं नाव, क्षेत्र, जिराईत का कुरण. वेल्सचे हे सगळे नकाशे 'प्लेसेस ऑफ वेल्स' नावाच्या साइटवर फुकट आहेत. अम्लुखच्या नकाशावर जॉन ओवेन कूळ म्हणून सापडतो का बघा. मी जावयाच्या पणजोबांच्या बापाचं शेत असंच काढलं, नाव आणि बांधासकट. मग जावई म्हणाला, तिथं आता गाड्या लावायची जागा झालीय. असो.

नांदेडची_स्वाती_वेल्समध्ये

अम्लुखची पॅरिस डोंगराची तांब्याची खाण एके काळी फार मोठी होती, १७६८ मध्ये तांब्याचा मोठा साठा लागला आणि गाव फुगलं. पुढे तांबं उतरणीला लागलं तशी माणसं कामासाठी बाहेर पडली. विल्यम पाटीच्या खाणीत का आला ते त्यातून समजतं. काका, एक जोड: जॉन ओवेन खाणीच्या भरभराटीत बाहेरून अम्लुखला आलेला असू शकतो. त्याचा बाप्तिस्मा तिथं सापडला नाही तर अँगलसीच्या शेजारच्या पॅरिश बघाव्या लागतील. तिकडचं दप्तर ल्हानगेव्हनीच्या आर्काइव्हमध्ये आहे. जायच्या आधी ईमेल करा, लोक मदत करतात.

अंबाजोगाईची_काकू

सुनेला फोनवर वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, म्हणजे मी खरं तर ओवेन. तिचा नवरा म्हणाला, तू आता कुलकर्णी आहेस. तिनं फोन कापला. (ती तिचं नाव बदललेली नाही, मीही आग्रह केला नाही.)

१८४१ च्या जनगणनेत अम्लुखला जॉन ओवेन मिळाला, खाण कामगार, वय ४०, बायको जेन, लेकरांत विल्यम ६. वयावरून तो १८०१ चा धरायचा ना?

निवृत्त_तलाठी_परभणी

नाही, १८४१ च्या कागदावर मोठ्यांच्या वयाला तेवढं मानू नका. पंधरा वर्षांच्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचं असं मोजणाऱ्यांना सांगितलेलं होतं. ४० लिहिलंय म्हणजे ४० ते ४४ मधलं काहीही. लेकरांची वयं मात्र बरोबर असतात. त्या साली जन्मगावही नीट लिहीत नाहीत, याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्म झाला का, होय की नाही, एवढंच. म्हणून त्याच जॉनला १८५१ मध्ये शोधा, तिथं पॅरिश मिळेल. तोवर वारला असेल तर जेन विधवा म्हणून सापडेल, तिच्याही जन्माची पॅरिश उतरवा, पुष्कळदा लग्न मुलीच्या पॅरिशमध्ये लागतं. ती मिळाली की १७९५ ते १८०२ चे बाप्तिस्मे उघडा, आडनावाचा रकाना रिकामा, आणि 'ओवेनचा मुलगा जॉन' असे जितके येतील तितके सगळे इथं टाका. एकाला आधीच आपला म्हणू नका. पुरण्याची वही सोबत ठेवा, त्यातले काही लहानपणीच गेलेले असतील, तेवढे खोडता येतील.